शेवटून आणलेली कुऱ्हाड

बारामतीतल्या कुठल्याही मोठ्या भंगारवाल्याकडे लोखंडाचे दोन ढीग असतात. बिडाचा वेगळा, घडीव लोखंडाचा वेगळा. जुनी कुऱ्हाड हवी असेल तर दुसऱ्या ढिगात हात घालायचा, तोही तळापर्यंत. वर सळयांचे तुकडे, पत्रे, पंपाची झाकणं. त्याखाली कोळप्याच्या फासा, पाभरीचे फण, झिजून जिभेएवढे उरलेले फाळ. आणि सगळ्यांच्या बुडाशी, जड म्हणून घसरत गेलेली एखादी कुऱ्हाड. तिला दांडा नसतो. तो कधीच चुलीत गेलेला असतो. भंगारवाला ती तराजूत टाकतो आणि बाकीच्या लोखंडाच्याच भावाने देऊन टाकतो.

माझ्याकडची पहिली कुऱ्हाड अशीच आली. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, तुंब्यापासून, म्हणजे दांडा बसतो त्या जाड भागापासून, धारेपर्यंत जेमतेम साडेचार इंच. नेढ्यात, म्हणजे दांड्याच्या भोकात, जळक्या लाकडाचा कोळसा अडकलेला होता. मोडका दांडा निघेना म्हणून कुणीतरी तिला विस्तवात धरलं असणार. तुंब्याची पाठ चेपून कडेने लोखंडाला ओठ सुटले होते, म्हणजे लाकडं फोडताना तिने पाचरी ठोकायचंही काम केलं होतं. धारेचा दांड्यापासून लांबचा कोपरा जास्त झिजलेला होता. जमिनीवर फांदी ठेवून तोडताना तोच कोपरा आधी मातीत जातो, दगडावर आपटतो. एवढं सगळं तिथल्या तिथे दिसलं. दिसली नाही ती एक रेघ. घरी आणून घासल्यावर दोन्ही गालांवर, धारेच्या बोटभर वर, फिकट आणि किंचित तिरपी रेघ उमटली. रेघेच्या खालचं लोखंड काळसर, वरचं करडं. ती रेघ काय आहे हे कळायला मला बरेच दिवस लागले, आणि ती कळल्यावर माझी जुन्या कुऱ्हाडींकडे बघायची रीतच बदलली.

ती रेघ हा सांधा आहे. खालचं पोलाद, वरचं मऊ लोखंड. अख्खी कुऱ्हाड पोलादाची करणं पूर्वी परवडणारं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. लाकडात शिरायचं काम धार करते. तिला कडकपणा हवा. तुंब्याला घाव सोसायचा असतो. तो कडक असेल तर तडकतो, मऊ असेल तर घाव गिळतो. म्हणून लोहार मऊ लोखंडाची पट्टी वाकवून, मध्ये नेढं ठेवून तिची दोन्ही टोकं एकत्र आणायचा आणि त्या दोन ओठांत पोलादाचा तुकडा धरून सगळं एकजीव करायचा. सांधायच्या जागेवर टाकणखार किंवा बारीक वाळू टाकायची. ती वितळून लोखंडावरची खपली आपल्यात ओढून घेते आणि घणाच्या पहिल्या घावासरशी बाहेर फेकली जाते. लोखंड पांढरट पिवळं होऊन ठिणग्या सुटायच्या बेतात आलं की घाव घालायचा. त्याआधी घातला तर सांधा धरत नाही. उशीर झाला तर पोलाद जळतं. विझलेल्या भट्टीजवळ उभं राहून हे सांगणं सोपं आहे. पेटत्या भट्टीसमोर ती वेळ डोळ्यांनीच पकडावी लागते.

आता झिजेचं पाहू. कुऱ्हाड सहाणेवर घासली की पोलाद कमी होतं. बाभळीच्या गाठीवर बसली की धारेचा कपचा उडतो आणि तेवढी धार मागे घासावी लागते. काही वर्षांनी बोटभर पोलाद संपतं आणि धार मऊ लोखंडावर येते. मग कितीही घासा, दोन घावांत बोथट. अशी कुऱ्हाड कुणी टाकून देत नसे. ती लोहाराकडे जायची, झिजलेला भाग तापवून उकलायचा, नवा पोलादाचा तुकडा बसवायचा, पाणी देऊन तो कडक करायचा. याला शेवटणं म्हणतात. फाळ शेवटून आणला, कुदळ शेवटायला टाकली, हे बोलणं इंदापूर-बारामतीच्या वस्त्यांवर म्हाताऱ्या माणसांकडून अजून ऐकू येतं. प्रत्येक शेवटण्यात थोडं जुनं लोखंड जळून खपलीवाटे जातं. म्हणून कुऱ्हाड दरवेळी थोडी आखूड होते. माझी साडेचार इंची कुऱ्हाड मुळात केवढी होती ते आता कुणाला सांगता येणार नाही, पण ती एकदाच घडलेली नाही हे रेघेचा तिरपेपणा सांगतो. गालांवर त्या रेघेच्याही वर आणखी एक पुसट वळ आहे. तो बहुधा आधीच्या सांध्याचा असावा.

जुन्या कुऱ्हाडींचा नाद आज अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळांना आहे. तिथे जुनं पातं मिळवून त्यावरचा गंज उतरवून नवा दांडा बसवणं हा सुट्टीतला उद्योग असतो. आपल्याकडे हेच काम गावगाड्याचा भाग होतं. लोहार बलुतेदार, सुताराच्या आणि चांभाराच्या बरोबरीने थोरल्या ओळीतला. त्र्यं. ना. आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली निघालं, त्यात ही सगळी घडी तपशिलाने मांडलेली आहे. शेतकऱ्याने सुगीला खळ्यावर लोहाराला धान्य घालायचं आणि वर्षभर अवजारं दुरुस्त करून घ्यायची. कोळसा बहुधा शेतकऱ्याने न्यायचा, आणि घण मारायला माणूसही त्यानेच द्यायचा. म्हणजे कुऱ्हाडीच्या मालकाने तिच्या प्रत्येक पुनर्जन्माला स्वतः घाम गाळलेला असायचा.

जुन्या कुऱ्हाडी इतक्या विरळ का मिळतात, याचं उत्तरही यातच आहे. कुऱ्हाडी कमी होत्या असं मुळीच नाही. घरटी एक तरी होतीच. पण त्या शेवटून शेवटून संपल्या. पार तुंब्यापर्यंत आल्यावर उरलेल्या लोखंडाचं खुरपं झालं, खुरपं झिजून पाचर झाली, आणि ती पाचर दुसऱ्या कुठल्या कुऱ्हाडीच्या दांड्यात बसली. लोखंड गावाबाहेर गेलंच नाही. आज भंगारात जी येते ती वापर अर्ध्यावर सुटलेली कुऱ्हाड असते. मालक गेला, पोरं शहरात गेली, किंवा लोहाराचं दुकान बंद पडलं आणि शेवटणारं कुणी उरलं नाही.

हे लोखंड यायचं कुठून? सह्याद्रीत महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक लाल मातीतला खनिज दगड कोळशाच्या भट्टीत गाळून लोखंड काढत. जंगलावर सरकारी बंधनं आली, कोळसा मिळेना, आणि त्याच सुमाराला विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागलं. आपल्या भागात ते रेल्वेने आलं. पुण्याहून निघालेली लोहमार्गाची शाखा डिसेंबर १८५८ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या डिकसळपर्यंत पोचली. १८६३ मध्ये बोरघाटातला मार्गही खुला झाल्यावर मुंबई बंदरात उतरलेली कांब थेट भीमेच्या काठी येऊ शकत होती. पुढे साध्या अवजारांना बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावा कामी येऊ लागल्या. ऊसवाहतुकीसाठी टायरच्या गाड्या आल्या तशा लाकडी चाकांच्या धावा ढिगांनी मोकळ्या झाल्या. आणि ट्रक आल्यावर पोलादाचा प्रश्नच मिटला. ट्रकचा मोडका कमानपाटा म्हणजे लोहाराच्या दृष्टीने तयार धार. आजच्या बाजारातल्या बऱ्याच कुऱ्हाडी कमानपाट्याच्याच असतात. त्यांचा तुंबा वेल्डिंगने जोडलेला असेल तर ती नवी, हे ओळखायला फार जाणकार असावं लागत नाही. नेढ्याच्या आतून बोट फिरवा. घडीव तुंब्यात आतली बाजू सलग आणि किंचित खडबडीत लागते, वेल्डिंगचा थर गाठी-गाठींचा लागतो.

बारामती-इंदापूरचा नकाशा माझ्या मते कुऱ्हाडी आणि कोयते यांच्यात वाटलेला आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि त्याच्या पट्ट्यात हळूहळू ऊस उभा राहिला. पुढे वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे साखर कारखाने आले. कालव्याखालच्या गावात लोखंडी अवजार म्हटलं की कोयता. ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला सुद्धा ‘एक कोयता’ म्हणतात, इतकं ते हत्यार माणसाला चिकटलं आहे. पण मोरगाव-सुप्याकडे, लोणी भापकरच्या माळावर, इंदापूरच्या जिरायत कडेला गेलात की खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला माणूस अजून दिसतो. तो बहुतेक वेळा धनगर असतो. या भागातले अनेक मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. वाटेत बाभळीची फांदी खाली पाडून मेंढरांना पाला-शेंगा द्यायच्या, काट्यांचं कुंपण करायचं, मेंढरं कोंडायच्या जाळ्याची, म्हणजे वाघरीची, मेख ठोकायची, सरपण तोडायचं, हे सगळं एकाच हत्याराने. म्हणून ते हलकं, अरुंद पात्याचं आणि लांब दांड्याचं असतं. वर हात करून फांदीवर घाव घालायचा तर जड पातं खांदा मोडतं.

तेव्हा संग्रह करायचा असेल तर आधी जिरायत गावात जावं. तिथे कुऱ्हाड विकत मागू नये. एका वस्तीवर मी मागितली तेव्हा म्हातारबाबा म्हणाले, “विकायची कशाला? तुला लाकडं तोडायची हायत का? मग घेऊन जा, आन् आणून दे.” त्यांच्या हिशेबात ती ठेवणीची वस्तूच नव्हती. मी ती नेली नाही. तिथेच बसून मापं घेतली, वहीत तिचा आकार उतरवला, पातं कोणी घडवलं, दांडा कोणत्या झाडाचा, शेवटची कधी शेवटली, सगळं विचारून लिहिलं. अशा न मिळालेल्या कुऱ्हाडींच्या नोंदी माझ्याकडे मिळालेल्यांपेक्षा जास्त आहेत, आणि त्याच मोलाच्या आहेत असं मला वाटतं.

परदेशी संग्राहकाला एक सोय असते, ती म्हणजे छाप. अमेरिकेत कनेक्टिकटमधली कॉलिन्स कंपनी १८२६ साली सुरू झाली आणि १९६६ साली बंद पडली. तिच्या पात्यांवरच्या शिक्क्यांवरून आणि कागदी लेबलांवरून लोक काळ ठरवतात. तिथल्या वनखात्याने १९९९ साली बर्नी वाइसगर्बर यांच्याकडून कुऱ्हाडीची निगा आणि दुरुस्ती यावर एक पुस्तिकाच लिहून घेतली, ‘ॲन ॲक्स टू ग्राइंड’. कारण साधं होतं. १९६४ च्या कायद्याने राखीव रानांत यांत्रिक करवती चालवायला बंदी आली, तिथे वाटा मोकळ्या ठेवायला कुऱ्हाडच लागते, आणि चांगल्या कुऱ्हाडी जुन्याच होत्या. आपल्याकडे कारखान्याची छाप मिळते ती मुख्यतः टाटा ॲग्रिकोची, १९२० च्या दशकापासूनची, आणि तीही कुदळ-फावड्यांवर जास्त. गावच्या लोहाराने घडवलेल्या कुऱ्हाडीवर नाव नसतं. माझ्या एका पात्याच्या गालावर पोगराने मारलेली तीन टिंबं आहेत. ती खूण लोहाराची की मालकाची, चार गावच्या चार कुऱ्हाडी भट्टीवर एकत्र आल्या तर ओळखता याव्यात म्हणून मारलेली, हे पातं सांगत नाही.

आता दुरुस्तीकडे येतो. पात्याला हात लावण्याआधी ते दोरीला टांगून हातोडीने हलकेच टिचकी मारावी. सांधा धड असेल तर आवाज घुमतो, कुठे तडा असेल तर भांड्याला चीर गेल्यासारखा बद्द येतो. तडा गेलेलं पातं संग्रहात ठेवावं, पण दांडा घालून वापरू नये. नंतर कानस. धारेवरून कानस एकदा सरकवून बघावी. ती निसटली तर पोलाद कडक आहे, चावली तर मऊ आहे. रेघेच्या वर ती चावलीच पाहिजे.

गंजाचे दोन प्रकार करावेत. वरचा तांबूस, भुसभुशीत, हाताला लागणारा गंज काढायचा. त्याखालचा काळा, घट्ट थर राहू द्यायचा. तो लोखंडाचं पुढे रक्षण करतो, आणि पात्यावरच्या हातोडीच्या खुणाही त्याच्यातच शिल्लक असतात. हलक्या गंजाला चिंचेचा कोळ पुरतो. रात्रभर लेप ठेवायचा, सकाळी नारळाच्या काथ्याने घासायचं, सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात वाळवायचं आणि तेल लावायचं. आम्लात पातं दिवसच्या दिवस बुडवून ठेवलं तर ते चांगल्या लोखंडालाही खाऊन खड्डे पाडतं. गंज फारच खोल असेल तर विजेने उतरवता येतो. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर. कुऱ्हाड ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा भंगार तुकडा धन टोकाला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुड्यांतून हायड्रोजन निघतो म्हणून हे काम अंगणात, विस्तवापासून लांब करावं.

यानंतरची पायरी मी चुकलो होतो, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. माझ्या संग्रहातली दुसरी कुऱ्हाड रुंद पात्याची आणि देखणी होती. घाई होती म्हणून मी तिची धार हातातल्या ग्राइंडरवर काढली. ठिणग्या छान उडत होत्या. थांबलो तेव्हा धारेलगत निळी पट्टी उमटलेली. ती बघून मला तेव्हा बरंच वाटलं, रंग सुंदर होता. दुसऱ्या दिवशी वाळक्या बाभळीवर तीन घाव घातले आणि धार पत्र्यासारखी दुमडली.

झालं होतं ते असं. कडक केलेलं पोलाद पुन्हा तापू लागलं की त्याच्या उघड्या पृष्ठभागावर रंग येत जातात. सव्वादोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास गवती पिवळा, अडीचशेला तपकिरी, पावणेतीनशेला जांभळा, तीनशेच्या सुमाराला निळा. जसा रंग पुढे जातो तसा कडकपणा उतरतो. पातळ धारेत लोखंड थोडं असल्यामुळे ग्राइंडरखाली ती काही क्षणांत निळ्याच्याही पुढे जाते. ती निळी पट्टी मला कानशीने घासून काढावी लागली. पाव इंच पोलाद गेलं. ते परत येत नाही. तेव्हापासून धारेला मी फक्त हातकानस आणि पाणी घातलेली सहाण लावतो. कानस धारेकडून मागे ओढत नाही, पुढून धारेकडे ढकलतो, हातात जाड मोजे घालून. गालापासून धारेपर्यंत सरळ उतार न करता धारेजवळ थोडं पोट ठेवतो. ओल्या लाकडाला पातळ धार चालते, वाळक्या बाभळीला पोट लागतंच.

हेच रंग लोहार मुद्दाम वापरतो. घिसाड्यांच्या, म्हणजे भटक्या लोहारांच्या, पालावर मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. रस्त्याकडेला जमिनीत खड्डा करून पेटवलेली भट्टी, एका बाजूला हाताने फिरवायचा पंखा. पूर्वी त्या जागी भाता असायचा. नवरा सांडशीत पातं धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण मारते आहे. घिसाड्यांत घण बाईच्या हातात असतो, आणि तिचा घाव जिथे तो छोट्या हातोडीने टिचकी मारून दाखवतो नेमका तिथेच पडतो. पातं लाल झालं, चुंबक त्याला धरेना इतकं तापलं, तेव्हा त्याने फक्त धारेकडचा इंचभर भाग पाण्यात धरला. चुर्र आवाज झाला. लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने धार घासून लखलखीत केली आणि तो थांबला. तुंब्यात उरलेली धग हळूहळू खाली उतरत होती, तिच्या पुढे पुढे पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग सरकत होता. जांभळा धारेवर पोचला त्या क्षणी सगळं पातं पाण्यात. त्या जागी कुठलंही मोजमापाचं यंत्र नव्हतं. इंदापूर तालुक्यातच वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटच्या मोटारींची आवरणं तयार झाली आहेत. तिथेही पोलादाला कडकपणा आणि चिवटपणा मोजून मापून द्यावा लागतो. पालावरचं कामही तेच आहे, फक्त तिथे माप डोळ्यांत असतं.

मी माझी साडेचार इंची कुऱ्हाड त्या बाईंना दाखवली. मावशींनी ती उलटीपालटी केली, नखाने रेघेवरून माप घेतलं आणि म्हणाल्या, “अजून एक बार शेवटंल. मग खुरपं करा.” नेढ्यातला जळका कोळसा बघून त्यांनी जीभ चावली. दांडा जाळून काढायची सवय फार वाईट, असं त्यांचं म्हणणं. धग धारेपर्यंत पोचली तर दिलेलं पाणी जातं. मोडका दांडा आतून पोगराने पोखरून काढावा, वेळ लागला तरी.

दांडा हा कुऱ्हाडीचा अर्धा इतिहास आहे. माणसाने पातं आधी केलं, त्याला दांडा धड बसवायला त्याला लाखो वर्षं लागली. बारामती तालुक्यातच, मोरगावला कऱ्हेच्या काठच्या थरांत अश्मयुगातल्या दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत, आणि त्याच थरांजवळ ज्वालामुखीची राखही आहे. ती राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या सुमात्रातल्या टोबा स्फोटाची की त्याहून पुष्कळ जुनी, यावर संशोधकांत वाद आहे. त्या हातकुऱ्हाडींना दांडा नव्हताच, त्या मुठीत धरायच्या. कऱ्हा आणि नीरा जिथे मिळतात त्या सोनगावला डेक्कन कॉलेजने १९६० च्या दशकात उत्खनन केलं. तिथे सापडली जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांची वस्ती, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. या संस्कृतीला नाव मिळालं ते संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्यावरून, आणि जोर्व्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडी सपाट आहेत, नेढं नसलेल्या. त्या चिरलेल्या दांड्यात धरून बांधायच्या. विदर्भातल्या शिळावर्तुळांत मिळालेल्या लोखंडी कुऱ्हाडी तर आणखी बोलक्या आहेत. त्यांच्यावर लोखंडाच्याच आडव्या कड्या आहेत, पातं दांड्याला जखडून ठेवणाऱ्या. म्हणजे लोखंड हाती आल्यावरही सुरुवातीला भोक पाडायची कल्पना लगेच रूढ झालेली नव्हती. आज ज्या नेढ्यात आपण सहज दांडा ठोकतो त्याच्या मागे एवढी मोठी खटपट आहे.

आता एक सूचना. शेतात नांगरताना दगडी किंवा तांब्याची कुऱ्हाड मिळाली तर ती संग्रहाची वस्तू नव्हे. ती जिथे मिळाली त्या जागेपासून तोडली की तिचा निम्मा अर्थ जातो. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर कलेक्टरला देणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. घरगुती आणि शेतीच्या कामाच्या कुऱ्हाडी १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या व्याख्येत धरलेल्या नाहीत, पण लढाईच्या परशूला हे लागू नाही. जत्रेत किंवा जुन्या बाजारात परशू मिळाला तर आधी नीट चौकशी करावी.

दांड्याला या भागात बाभूळ. घाटाकडचा धावडा मिळाला तर उत्तमच, त्याच्याइतकं लवचिक आणि चिवट लाकूड दांड्याला मी दुसरं पाहिलेलं नाही. तिवसही चालतो. बाभळीची सरळ वाढलेली, मनगटाएवढी फांदी अंधाऱ्या पक्षात तोडावी असं इथले सुतार म्हणतात, म्हणजे भुंगा लागत नाही. तिथीचं काय ते ज्याने त्याने ठरवावं. लाकूड काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची रीत मात्र माझ्या अनुभवाची आहे. फांदीतला गोड रस निघून जातो आणि किडीला खायला काही उरत नाही. मग सावलीत वाळवायचं, महिनेच्या महिने. वाकसाने तासताना रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतील हे बघायचं. एखादी रेष मध्येच बाजूने बाहेर पडली तर दांडा पुढे तिथेच मोडतो.

बसवताना दांड्याचं टोक वरून बघून पाचरीसाठी चीर द्यायची, वाळक्या कडक लाकडाची पाचर ठोकायची. कुऱ्हाड ढिली झाली की ती रात्रभर पाण्याच्या बादलीत टाकायची गावाकडे सवय आहे. लाकूड फुगतं, सकाळी पातं घट्ट बसतं, आणि दोन दिवस ऊन लागलं की पहिल्यापेक्षा ढिलं होतं. फुगलेल्या लाकडाचे धागे नेढ्यात चेंगरले जातात आणि ते परत फुलत नाहीत. त्यापेक्षा टोक तेलात बुडवावं. जवसाचं कच्चं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. शाळूच्या कडेने लावतात त्या करडईचं तेलही याच जातीचं, अर्धवट सुकणारं. ते आटवून त्याचं रोगण करतात. जवस तेलाने भिजलेलं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात फेकू नये. सुकताना ते तापतं आणि आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवावं.

पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो की मी अडकित्त्यांसमोर जास्त वेळ उभा राहतो. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरोघरच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९६२ साली तो सगळा संग्रह राज्याच्या पुरातत्त्व खात्याला दिला. रोज हाताळलेल्या वस्तूतही पाहण्यासारखं काही असतं, हे त्यांनी मराठी माणसाला दाखवलं. पण अडकित्ता कोरीव असतो, नक्षीमुळे तो टिकतो. कुऱ्हाडीला नक्षी नसते. तिच्यावरचा सांधा, चेपलेला तुंबा, एका बाजूने झिजलेली धार, हेच वाचायचं असतं, आणि चकचकीत करायच्या नादात नेमकं तेच आधी जातं. म्हणून प्रत्येक पात्यामागे वहीत एक पान असावं. कुठून आली, वजन, लांबी, नेढ्याचा आकार, सांध्याची रेघ धारेपासून किती लांब. घासण्याआधीचा फोटो, घासल्यानंतरचा फोटो. आणि शेवटणारा माणूस सापडला तर त्याने काय सांगितलं तेही.

साडेचार इंची कुऱ्हाडीला आता बाभळीचा दांडा आहे. मावशींकडे ती मी परत नेलेली नाही. एका शेवटण्याने तिची जुनी रेघ जाईल, आणि न शेवटली तर ती हळूहळू निकामी होईल, या दोन्हींतलं काय करावं हे माझं अजून ठरत नाही. तोवर ती वस्तीवर शेळ्यांना डहाळा तोडायला वापरात आहे. रेघ आणि धार यांच्यातलं अंतर गेल्या दिवाळीला १६ मिलिमीटर होतं. परवा मोजलं, साडेपंधरा भरलं.